नाल्याआधीची खतावणी

फेब्रुवारी २०२० मध्ये डोंबिवली औद्योगिक वसाहतीतील एक रस्ता गुलाबी झाला आणि प्रदूषण साऱ्यांच्या नजरेस आले. वस्तुतः ते आधी कागदावर दिसावयास हवे. संमतिपत्र घेऊन चालणाऱ्या कारखान्याने दरवर्षी ३० सप्टेंबरपर्यंत प्रदूषण नियंत्रण मंडळास ‘फॉर्म पाच’ हे पर्यावरण विवरणपत्र सादर करावयाचे असते. त्यात उत्पादनाच्या प्रत्येक एककामागे लागलेले पाणी व कच्चा माल यांचे मागील व चालू वर्षाचे आकडे शेजारी-शेजारी मांडलेले असतात. पहिल्या एक हजार सूचिबद्ध कंपन्यांना सेबीने २०२२-२३ पासून शाश्वतता अहवाल अनिवार्य केला. लहान कारखानदाराकडे ही खतावणी त्यापूर्वीपासूनच आहे. एककामागे कच्चा माल वाढला, तर तो बहुधा सांडपाण्यात, धुरात वा कचऱ्यात गेलेला असतो. ताळेबंद वाचणाऱ्या मालकाने हे विवरणपत्रही स्वतः वाचावे. तोटा आणि प्रदूषण त्यात एकाच ओळीत सापडतात.