जुन्या सायकलला रिफ्लेक्टर आहेत का? कायदा काय सांगतो, जाणून घ्या

रावेर : रात्रपाळीची वीज आली की केळीला पाणी द्यायला सायकलीवर निघणारे शेतकरी, मजूर तालुक्यात कमी नाहीत. बऱ्हाणपूर-अंकलेश्वर मार्गावर रावेर, सावदा, फैजपूर पट्ट्यात त्याच वेळी केळीचे ट्रकही धावत असतात. ताशी ६० किलोमीटर वेगाचा ट्रक एका सेकंदात १६ मीटरच्या पुढे जातो. अंधारातली सायकल उशिरा दिसली, तर ब्रेक मारायलाही वेळ मिळत नाही.

नियम काय?
सायकल हे मोटार वाहन नाही. त्यामुळे तिला लायसन्स, पासिंग किंवा विमा लागत नाही. मोटार वाहन कायद्यातली हेल्मेटसक्तीही सायकलस्वाराला नाही. मात्र महाराष्ट्र पोलीस कायद्यात 'वाहन' या शब्दात सायकलही येते. रस्त्यावरील वाहनांना किती दिवे, कुठे आणि कोणत्या वेळेत असावेत, याचे नियम जिल्हा दंडाधिकारी करू शकतात.

रिफ्लेक्टरबाबत केंद्र सरकारने २०२० मध्ये गुणवत्ता नियंत्रण आदेश काढला. सायकलचे रिफ्लेक्टर भारतीय मानकाप्रमाणेच असावेत, असं त्यात आहे. ही जबाबदारी बनवणाऱ्या-विकणाऱ्यांची. घरातल्या जुन्या सायकलकडे मात्र आपल्यालाच बघावं लागणार.

कुठे, कोणता रंग?
पुढे पांढरा, मागे लाल, पायडलला पिवळे आणि दोन्ही चाकांच्या आऱ्यांत एकेक. पायडलचे रिफ्लेक्टर वर-खाली हलतात, त्यामुळे पुढे सायकल आहे हे ड्रायव्हरला लगेच कळतं. मागच्या रिफ्लेक्टरवर चाऱ्याचा भारा किंवा पिशवी येऊ देऊ नका. चिखल बसला असेल तर पुसून घ्या.

रिफ्लेक्टर स्वतः उजेड देत नाही, समोरून पडलेला उजेड परत फेकतो. लाइट बंद असलेल्या ट्रॅक्टरपुढे त्याचा उपयोग नाही. म्हणून पुढे टॉर्च आणि मागे लाल दिवा हवाच.

अपघात झालाच तर
धडक देणारं वाहन पळून गेलं, सापडलं नाही, तरी भरपाई मिळते. १ एप्रिल २०२२ पासून मृत्यू झाल्यास २ लाख आणि गंभीर जखमीला ५० हजार रुपये अशी ही रक्कम आहे. पोलिसांत नोंद करा आणि अर्जाची चौकशी तहसील कार्यालयात करा. वाहन सापडलं तर मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात दावा करता येतो. तिथे 'सायकलला दिवा नव्हता, चूक तिचीही होती' असा मुद्दा समोरचा पक्ष काढू शकतो.