आकडा उतरला, धोका नव्हे

मध्य प्रदेशातील पांढुर्णा आणि सौंसर हे संत्र्यांच्या बागांचे तालुके. २०२३ साली छिंदवाड्यातून वेगळे काढून त्यांचा पांढुर्णा जिल्हा करण्यात आला. राज्याचा कारभार हिंदीतून चालत असला, तरी तेथे मराठी घरोघरी नांदते आणि मोठ्या दुखण्याला वाट धरावी लागते ती नागपूरची. मूत्रपिंडरोपण झालेल्या तेथील रुग्णापुढे उभा राहणारा एक प्रश्न गोमंतकातील रुग्णालाही चुकलेला नाही. हृदयाच्या रक्षणासाठी ‘ब’ जीवनसत्त्वाच्या गोळ्या घ्याव्यात काय?

प्रश्न अनाठायी नाही. रोपण यशस्वी होऊनही पुढे अनेक रुग्ण दगावतात ते हृदयविकाराने. अशा रुग्णांच्या रक्तात होमोसिस्टीन नावाचे द्रव्य बहुधा वाढलेले आढळते आणि फॉलिक आम्ल, ब-६ व ब-१२ यांनी ते उतरते. तेव्हा हृदयाचा धोकाही उतरेल, असा तर्क वैद्यकाने केला होता.

अमेरिका, कॅनडा व ब्राझील येथील ४,११० रोपणरुग्णांवर या तर्काची परीक्षा झाली. एका गटास रोज ५ मिलिग्रॅम फॉलिक आम्लासह मोठी मात्रा दिली गेली, दुसऱ्यास अल्प मात्रेची जीवनसत्त्वे. २०११ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला. होमोसिस्टीन उतरले, परंतु हृदयविकार, मृत्यू अथवा पुन्हा डायलिसिसची पाळी, यांपैकी काहीही घटले नाही.

याचा अर्थ जीवनसत्त्वे निरुपयोगी आहेत असा नव्हे. त्या देशांत पिठातच फॉलिक आम्ल मिसळलेले असते. आपल्याकडे शाकाहारी मंडळींत ब-१२ ची उणीव सर्रास आढळते. रक्ततपासणीत ती दिसली, तर डॉक्टरांच्या सल्ल्याने गोळी घेतलीच पाहिजे. मात्र ती उणीव भरून काढण्यासाठी, हृदयाचे कवच म्हणून नव्हे.

हृदयाचे खरे रक्षण रक्तदाब, मधुमेह व कोलेस्टेरॉल आटोक्यात ठेवण्यात आणि तंबाखू सोडण्यात आहे. शरीराने नवे मूत्रपिंड झिडकारू नये म्हणून दिलेली औषधे तर एक दिवसही चुकता कामा नयेत. घरच्या बागेतील संत्रेसुद्धा, रक्तातील पोटॅशियम वाढलेले असल्यास, विचारूनच खावे. नागपूरची खेप आणि औषधांचा खर्च सोसणाऱ्या कुटुंबाने ताकदीच्या गोळ्यांसाठी या आवश्यक गोष्टींना कात्री लावू नये, एवढेच आमचे कळकळीचे सांगणे आहे.