कॅसिनोचा कर आणि घरातला हिशोब

कॅसिनोला परवाना देऊन त्यावर कर घेणारा कायदा महाराष्ट्रात १९७६ साली झाला होता. तो कधी लागूच झाला नाही, आणि २०२३ मध्ये सरकारने तो रद्द केला. शेजारच्या गोव्याने मात्र १९९२ मध्ये पंचतारांकित हॉटेलांत स्लॉट मशीनला मुभा दिली; पुढे मांडवीतल्या जहाजांवर कॅसिनो आले. कर मिळतो, रोजगार मिळतो, असं सांगितलं जातं. ते खोटं नाही. कुरआनही जुगारात काही फायदा आहे हे नाकारत नाही, पण त्याचा गुनाह फायद्यापेक्षा मोठा ठरवतो.

कर तिजोरीत जातो, हरलेला पगार मात्र घरातून जातो. वर्गात फी थकते, वही येत नाही, तेव्हा आम्हा शिक्षकांना तो हिशोब कळतो. सरकारी परवान्याने जुगार कायदेशीर होतो, हलाल नाही.