सनद मिळेपर्यंत

‘लॉ करतेयस? मग तुझ्याशी भांडायला नको बाई!’ लग्न-मुंजीत हा डायलॉग ऐकून ऐकून माझे कान किटलेत. भांडण कसलं, पहिली दोन वर्षं नुसतं पाठांतर चालू होतं. घरात कोणी वकील नाही. बाबा बँकेत, आई शाळेत. वकिलांची पोरं लहानपणापासून जेवताना जे ऐकतात, ते मला कुणीतरी शिकवायला हवं होतं.

ते शिकवलं इंटर्नशिपनं. बार कौन्सिलच्या नियमानुसार पाच वर्षांच्या कोर्सला किमान २० आठवडे, तीन वर्षांच्या कोर्सला १२. पुण्यात शिवाजीनगर कोर्टात माझे पहिले गुरू म्हणजे सरांचे क्लार्क काका. बोर्ड कसा वाचायचा, पुकारा झाला की कुठे उभं राहायचं, नक्कलेचा अर्ज कुठल्या खिडकीवर द्यायचा, सगळं त्यांनी दाखवलं. ‘निशाणी एक म्हणजे दावा, निशाणी पाच म्हणजे तात्पुरत्या मनाईचा अर्ज. एवढं पाठ कर, मग कोर्टात कुणी तुला नवखी म्हणणार नाही,’ चहा पिता पिता काका सांगायचे. (मूट कोर्टची ट्रॉफी तिथं कुणी विचारत नाही. पण उभं राहून बोलायची भीती तिनंच घालवली, हेही खरं.)

त्यात १ जुलै २०२४ पासून कायदेच बदलले! आपला सगळ्यांचा लाडका ‘चारसोबीस’ आता भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ मध्ये राहायला गेलाय आणि पोटगीचं जुनं १२५ आता नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १४४ झालंय.

हे १४४ मला खरं कळलं ते कॉलेजच्या लीगल एड क्लिनिकमध्ये. स्वयंपाकाची कामं करणाऱ्या एक ताई आल्या होत्या, पदरात दोन मुलं. स्त्रियांना मोफत वकील मिळतो, त्यासाठी उत्पन्नाची अट नाही, हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. सुप्रीम कोर्टाच्या २०२०च्या ‘रजनेश विरुद्ध नेहा’ निकालापासून पोटगीच्या अर्जासोबत उत्पन्न-खर्चाचं प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं. ते भरायचं काम माझ्याकडे आलं. ‘सिलिंडर दीड महिना पुरतो, मग महिन्याचा किती लिहायचा गं?’ ताईंनी विचारलं. शाळेची फी, भाडं, बसचा पास, औषधं... दोन तास आम्ही वहीत हिशेब मांडत होतो. विद्यार्थ्यांना कोर्टात युक्तिवाद करता येत नाही; पॅनेलवरच्या वकील मॅडमनी तो केला. पण जज्जसाहेबांनी आकडे विचारले तेव्हा मॅडमच्या हातात आमचाच कागद होता. अंतरिम पोटगी मंजूर झाली. मागितली त्यापेक्षा कमी, पण झाली.

त्या दिवशी कॉर्पोरेट फर्मचा नाद सुटला म्हणा ना. आता प्रश्न पैशाचा. बार कौन्सिलनं ऑक्टोबर २०२४ मध्ये ज्युनियरना शहरात दरमहा किमान २० हजार, ग्रामीण भागात १५ हजार द्यावेत असं सुचवलं. पण ती शिफारसच, सक्ती नाही. इथं प्लेसमेंट सेल कामी आला. सीव्ही तर त्यांनी सुधारून दिलाच, पण एका माजी विद्यार्थिनीशी गाठही घालून दिली. ती म्हणाली, ‘पहिल्याच भेटीत स्टायपेंड विचार. आणि स्वतःच्या केसेस चालवू देणार का, तेही विचार.’ तीन सीनियर्सना विचारलं. एकानं विषय बदलला, एकानं ‘शिकायला मिळेल’ असं ऐकवलं. तिसऱ्या मॅडमनी आकडा सांगितला, २० हजारांच्या खालचाच, पण स्वतःच्या केसेसना हरकत नाही म्हणाल्या. मी तिथंच हो म्हटलं.

आता शेवटची सेमिस्टर, मग सनद. जुलै २०२४च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालामुळे खुल्या गटाला नोंदणी फी ७५० रुपयांच्या वर घेता येत नाही, बाबा खूश! पुढे बारची परीक्षा, १०० प्रश्नांची. काळ्या कोटाचं माप देऊन झालंय, आणि पांढरे बँड आई स्वतःच शिवतेय.