रुमालात बांधलेला इतिहास

इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांचे ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळ्यास निधन झाले. आयुष्यभर गावोगाव हिंडून त्यांनी जी मिळकत जोडली, ती कागदांची होती. त्यांच्या पश्चात त्यांच्याच नावाचे संशोधन मंडळ धुळ्यास उभे राहिले. त्याच गावी शंकर श्रीकृष्ण देव यांनी जमविलेली रामदासी हस्तलिखिते समर्थ वाग्देवता मंदिरात जतन झाली. खानदेशातील एका जिल्ह्याच्या ठिकाणी असे दोन संग्रह असावेत, ही अभिमानाची गोष्ट खरीच. पण ऐतिहासिक कागद म्हटले की सामान्य सुशिक्षिताच्या डोळ्यांपुढे पुणे किंवा मुंबई येते, धुळे येत नाही. महाराष्ट्रातील लहान दप्तरखान्यांची, देवस्थानांची आणि जुन्या वाड्यांतील फडताळांची उपेक्षा येथूनच सुरू होते.

या ठिकाणी कागद दडलेले असतात असे म्हणण्याची रीत आहे. वास्तविक ते कोणी दडविलेले नसतात. रुमाल कोणत्या कपाटात आहेत हे सांभाळणाऱ्यास ठाऊक असते. त्या रुमालांत काय आहे, हे मात्र कोणासच ठाऊक नसते. ज्या संग्रहाची यादी नाही, तो संग्रह असून नसल्यासारखाच होय.

निवड झाली, बाकी राहिले

ग्रँट डफचा मराठ्यांचा इतिहास १८२६ साली प्रसिद्ध झाला. त्यातील उणिवा अस्सल कागदांच्या आधारे दाखवून देणे, ही पुढच्या पिढीतील संशोधकांची प्रतिज्ञा होती. राजवाड्यांनी १८९८ साली ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड काढला, तो पानिपतपूर्व दशकातील पत्रव्यवहाराचा. पुढे या मालेचे २२ खंड झाले. गो. स. सरदेसाई यांनी १९३० नंतरच्या थोड्या वर्षांत पेशवे दप्तरातील निवडक कागदांचे ४५ खंड प्रसिद्ध केले. हे काम थोर आहे यात शंका नाही. तथापि निवड म्हटली की मागे काही उरतेच. त्या काळाची भूक राजकारणाची होती. म्हणून स्वाऱ्यांची, तहांची आणि कारस्थानांची पत्रे बहुतांशी आधी छापली गेली. हिशेबाचे कागद पुष्कळसे रुमालातच राहिले.

हिशेब काय सांगतात?

अर्थशास्त्राच्या दृष्टीने या उरलेल्या कागदांचे मोल मोठे आहे. गावच्या ताळेबंदात वसूल किती, बाकी किती, दुष्काळामुळे सूट किती, हे सापडते. सावकाराच्या कीर्दखतावणीत व्याजाचा दर सापडतो. अंकुशी आणि चांदवडी रुपयांच्या अदलाबदलीत किती बट्टा कापला जाई, तेही कळते. देवस्थानच्या खर्चाच्या वहीत तांदूळ, तेल, गूळ यांचे भाव असतात आणि गवंड्याची मजुरीही असते. वतनाच्या तंट्यावरील महजरात पाटलाच्या नावापुढे नांगर काढलेला असतो आणि बलुतेदारांच्या नावांपुढे त्यांच्या त्यांच्या धंद्याचे हत्यार. ज्यांना अक्षर येत नव्हते, त्यांची साक्ष अशी टिकली आहे. बखरींत ज्यांना जागा मिळाली नाही, त्या कुणब्याची, सुताराची, विधवेची नोंद व्हावयाची ती याच कागदांत. वि. द. दिवेकर यांनी आर्थिक व सामाजिक इतिहासाच्या मराठी साधनांचे सर्वेक्षण केले. ते १९८१ साली पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळाने पुस्तकरूपाने प्रसिद्ध केले. त्या वाटेने पुढे जाणाऱ्यांची संख्या अद्याप फार वाढलेली नाही.

मोडीचा अडसर

यातील मोठा अडसर मोडीचा आहे. गेल्या शतकाच्या मध्यास मोडी शाळांतून गेली आणि नातवाला आजोबांचे खत वाचता येईनासे झाले. केवळ अक्षरओळख पुरत नाही. ‘सलास सितैन मया व अलफ’ म्हणजे सुहूर सन ११६३, अर्थात इसवी सन १७६२-६३, हे उलगडता आले पाहिजे. खंडी, पायली, शेर यांची मापे कळली पाहिजेत. २०१४ साली मोडीला युनिकोडमध्ये स्थान मिळाले, ही समाधानाची बाब आहे. कागदांची छायाचित्रे घेऊन ती संगणकात साठविण्याचा उत्साहही वाढला आहे. परंतु यादीवाचून साठविलेली छायाचित्रे म्हणजे एका कपाटातून दुसऱ्या कपाटात गेलेला रुमालच. फरक इतकाच की, या कपाटाला वाळवी लागत नाही.

मग सारे कागद मुंबईस किंवा पुण्यास न्यावेत काय? हा उपाय सोपा दिसतो, पण तो सरसकट हितावह नाही. गावातील कागद गावच्या शिवारांची, आडनावांची आणि तंट्यांची माहिती असलेल्या माणसाजवळ अधिक बोलका होतो. शिवाय १९९३ चा सार्वजनिक अभिलेख कायदा केंद्र सरकारच्या अभिलेखांपुरता आहे. खाजगी घराण्याच्या दप्तरावर त्याची सत्ता चालत नाही. तेथे चालतो तो फक्त विश्वास. कागद दाखविला तर जमिनीचा वाद उभा राहील, हे भय घराघरांत असते. कागद न हलविता, मालकाच्या डोळ्यांदेखत त्याची नोंद करून देणारा मनुष्य आला, तर ते भय कमी होऊ शकते.

हे काम गावचे महाविद्यालय करू शकते. इतिहास, मराठी आणि अर्थशास्त्र या विभागांनी मिळून मोडी जाणणाऱ्या एका वृद्धाला मानधन द्यावे, पाच-सहा विद्यार्थी त्याच्या हाताखाली बसवावेत आणि उन्हाळ्याच्या सुटीत एकच संग्रह हाती घ्यावा. नोंदवहीत रकाने थोडे असावेत: अनुक्रमांक, काळ, गाव, व्यक्ती, कागदाचा प्रकार, पानांची संख्या. ज्या रुमालातला कागद त्याच रुमालात, त्याच क्रमाने परत ठेवावा. कारण शेजारचा कागद हाही पुरावाच असतो. वहीची एक प्रत मालकाकडे, एक महाविद्यालयात आणि एक सरकारी पुराभिलेखागारात असावी. एवढ्याला नवी इमारत लागत नाही आणि समारंभही लागत नाही.

राजवाड्यांच्या काळी कागद दुर्मीळ नव्हते, ते शोधणारे दुर्मीळ होते. आज वाचणारेही दुर्मीळ होत आहेत. मोडी घरात शिकलेली अखेरची माणसे आता वार्धक्यात आहेत. कागद कदाचित आणखी शंभर वर्षे तग धरील. ती माणसे धरणार नाहीत. म्हणून यादीच्या कामाला पुढच्या सुटीची वाट पाहावी, पण त्यापुढच्या सुटीची नको.