बिघडलेल्या सोव्हिएत संगणकाचे निदान पडद्यावरच

चाळीस वर्षांपूर्वीचा संगणक सुरू करावा आणि पडद्यावर अक्षरांऐवजी उभ्या रेषांची जाळी उमटावी, की पाहणाऱ्याला यंत्र संपले असेच वाटते. ‘एलेक्त्रोनिका बीके-००१०’ या सोव्हिएत घरगुती संगणकात मात्र हीच जाळी नेमका कोणता भाग निकामी झाला आहे, ते सांगते.

सोव्हिएत शाळांमध्ये १९८५ साली संगणकशास्त्र हा विषय सुरू झाला. बीके-००१० हे त्याच काळातील यंत्र. ते दूरचित्रवाणी संचाला जोडता येई, कार्यक्रम साध्या कॅसेटवर साठवले जात आणि घरांबरोबर शाळांच्या संगणकवर्गांतही त्याचा वापर झाला. आज ही यंत्रे संग्राहकांकडे उरली आहेत. त्यांच्यासाठी नव्या चिप तयार होत नाहीत. त्यामुळे दुरुस्तीत झालेली चूक सहज भरून निघत नाही.

या संगणकाची स्मृती ३२ किलोबाइटची आहे. ती ‘के५६५आरयू६’ जातीच्या सोळा चिपमध्ये विभागलेली असते. प्रत्येक चिपमध्ये १६,३८४ सूक्ष्म कोठ्या असतात आणि प्रत्येक कोठीत एक बिट विद्युतभाराच्या रूपात राहतो. हा भार सतत झिरपतो. म्हणून दर दोन मिलिसेकंदांच्या आत तो पुन्हा भरावा लागतो. कोठी गळकी झाली किंवा चिपमधील एखादा मार्ग तुटला, की साठवलेले आणि वाचलेले यांचा मेळ बसत नाही आणि कार्यक्रम अडकतो.

निदानाची गुरुकिल्ली या स्मृतीच्या रचनेतच आहे. संगणक एका वेळी सोळा बिटांचा शब्द हाताळतो आणि त्यातील प्रत्येक बिट स्वतंत्र चिपमध्ये असतो. याच चिपमधील निम्मी जागा पडद्यावरील चित्रासाठी राखलेली आहे. पडद्याच्या एका ओळीत ५१२ ठिपके, म्हणजे ३२ शब्द असतात. एक चिप पूर्ण निकामी झाली, तर दर सोळावा ठिपका सतत उजळ किंवा सतत काळा राहतो आणि ३२ बारीक उभ्या रेषा दिसतात. सोळा ठिपक्यांतील रेषेचे स्थान पाहिले, की बिटाचा क्रमांक आणि त्यावरून दोषी चिप कळते.

तरीही लगेच सोल्डरिंगची इस्त्री हाती घेणे धोक्याचे. प्रथम पाच व्होल्टचा पुरवठा मल्टिमीटरने तपासावा लागतो. सर्वच बिट विस्कटले असतील, तर सोळा चिप एकदम बिघडल्याचा संशय घेण्यापेक्षा वीजपुरवठा, पत्ता वाहून नेणाऱ्या वाहिन्या किंवा नियंत्रक चिप यांकडे पाहणे श्रेयस्कर. एखादी चिप इतरांपेक्षा फार तापत असेल, तर तिच्यात अंतर्गत शॉर्ट असण्याची शक्यता असते.

चिप काढताना खरा धोका मंडलफलकाला असतो. जास्त उष्णतेने त्यावरील तांब्याच्या पट्ट्या सुटून येतात. म्हणून मृत चिपचे पाय आधी कापून ते एकेक करून उपसणे सुरक्षित ठरते. रिकाम्या जागी सॉकेट बसवले, तर पुढच्या वेळी उष्णता द्यावी लागत नाही. सोव्हिएत चिपच्या पायांमधील अंतर २.५ मिलिमीटर, तर पाश्चात्त्य सॉकेटचे २.५४ मिलिमीटर असते. सोळा पायांच्या चिपला हा फरक सहज सोसतो.

बदली चिप निवडताना सारखेपणाला भुलून चालत नाही. ‘रादिओ’ मासिकाने १९८६ साली वाचकांना घरी जोडण्यासाठी दिलेल्या ‘रादिओ-८६आरके’ या संगणकातील ‘के५६५आरयू३’ ही चिपही सोळा पायांची आणि तेवढ्याच क्षमतेची आहे. परंतु तिला अधिक पाच, अधिक बारा आणि उणे पाच असे तीन व्होल्टेज लागतात. ती बीकेमध्ये चालत नाही.

नवी चिप बसवल्यावर यंत्र काही तास चालवून स्मृतीची चाचणी घ्यावी लागते, कारण गळक्या कोठ्या अनेकदा यंत्र तापल्यावरच उघड्या पडतात. घाईने सोळाही चिप उपटणाऱ्याच्या हाती शेवटी उखडलेला फलक उरतो. आधी रेषा मोजणाऱ्याला बहुधा एकच चिप बदलावी लागते.