तान्ह्या बाळाला पावडर हवीच कशाला?

वाशीम (प्रतिनिधी) : तेलाने चोळून आंघोळ, अंगभर पावडर आणि डोळ्यांत काजळ ही तान्ह्या बाळाच्या दिनक्रमाची पद्धत वऱ्हाडातील घराघरांत रूढ आहे. मात्र प्रेमाने लावलेली प्रत्येक वस्तू बाळाच्या त्वचेला मानवतेच असे नाही. नवजात बाळाची त्वचा पातळ असते आणि वजनाच्या मानाने तिचे क्षेत्रफळ मोठ्या माणसापेक्षा अधिक असते. साहजिकच अंगावर लावलेला पदार्थ शरीरात शोषला जाण्याची शक्यताही वाढते.

पावडरचा वाद महाराष्ट्राला नवा नाही. राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाने सप्टेंबर २०२२ मध्ये जॉन्सन अँड जॉन्सनच्या मुलुंड येथील कारखान्याचा बेबी पावडर निर्मितीचा परवाना रद्द केला. पुणे आणि नाशिक येथील नमुन्यांचा सामू (पीएच) मानकात बसला नव्हता. नव्याने तपासलेले नमुने मानकानुसार आढळल्यावर मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी २०२३ मध्ये ही कारवाई रद्द ठरवली.

येथे सामूचा प्रश्न मिटला, टाल्कचा नव्हे. टाल्क हे खनिजाचे अतिसूक्ष्म चूर्ण असून ते श्वासावाटे बाळाच्या फुप्फुसात जाऊ शकते. कंपनीने २०२३ मध्ये जगभर टाल्कऐवजी मक्याच्या स्टार्चची पावडर आणली. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०२४ मध्ये टाल्कचा समावेश 'बहुधा कर्करोगकारक' गटात केला. स्टार्चचे चूर्णही नाकात जातेच. त्यामुळे पावडर न लावणे हाच सरळ मार्ग. जुन्या घरांत वापरली जाणारी बोरिक पावडर तर वर्ज्यच समजावी. सोललेल्या त्वचेतून ती शोषली जाऊन बाळे दगावल्याच्या नोंदी आहेत.

तेलाबाबतही विवेक हवा. वाशीम हा सोयाबीनचा जिल्हा. परंतु २००२ साली प्रसिद्ध झालेल्या, उंदरांवरील एका प्रयोगात सोयाबीन, मोहरी व ऑलिव्ह तेलामुळे त्वचेचे संरक्षक आवरण सावरण्यास विलंब झाला, तर सूर्यफूल तेलाने ते लवकर सावरले. उंदरांवरचा निष्कर्ष बाळाला जसाच्या तसा लागू होत नाही, तरी मोहरीच्या तेलाचा हट्ट धरण्याचे कारण उरत नाही. कापूरमिश्रित तेल व बाम तर दोन वर्षांखालील मुलांना लावूच नये.

काजळात शिसे असण्याचा धोका असतो. ते डोळ्यांतून आणि बोटांवाटे तोंडातून शरीरात जाते. घरी पाडलेले काजळ शिसेमुक्त असले, तरी बोटाने घालताना जंतुसंसर्ग टळत नाही.

प्रसूती रुग्णालयात झाल्यास आशा स्वयंसेविका ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी घरी येऊन बाळाची तपासणी करतात. त्वचेवर पुरळ वा फोड दिसल्यास घरातील मलम लावण्याआधी त्यांना दाखवता येते.